मार्सेल द्युशाँ : नित्याच्या वस्तू आणि त्यांचे नामकरण

१९६३ च्या ऑक्टोबर महिन्यात कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील कलासंग्रहालयात मार्सेल द्युशाँच्या कलाकृतींचे पहिले समग्र प्रदर्शन भरले, तेव्हा त्याने वयाची शहात्तर वर्षे पूर्ण केली होती. तत्पूर्वी १९३७ मध्ये शिकागोच्या आर्ट्स क्लबमध्ये त्याच्या मोजक्या कृती स्वतंत्रपणे मांडल्या गेल्या होत्या. परंतु आयुष्यभराचे काम एकत्र पाहण्याचा योग वॉल्टर हॉप्स या तरुण संयोजकाने प्रथमच आणला, आणि तोही पॅरिस किंवा न्यूयॉर्क सोडून पश्चिम किनाऱ्यावरील एका गावात. प्रदर्शनाची जाहिरात द्युशाँने स्वतः केली. फरारी गुन्हेगाराच्या शोधासाठी लावतात तशा नोटिशीवर स्वतःचीच छायाचित्रे चिकटवून १९२३ मध्ये त्याने एक थट्टा केली होती. तीच पुन्हा वापरली. दालनात सायकलचे चाक होते, बाटल्या निथळत ठेवण्याची लोखंडी घोडी होती. मात्र त्यांतील मूळ वस्तू केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. प्रेक्षकांपुढे होत्या त्या नंतर केलेल्या प्रतिकृती. या विसंगतीचा उलगडा त्याच्या चरित्रातूनच होतो.

द्युशाँचा जन्म २८ जुलै १८८७ रोजी नॉर्मंडीतील ब्लँव्हील या गावी झाला. वडील दस्तऐवजांचे काम पाहणारे नोटरी, तर आईचे वडील चित्रकार व उत्कीर्णक. दोघे थोरले भाऊ चित्रकार आणि शिल्पकार म्हणून पुढे नावाजले. धाकटी बहीण सुझान हीदेखील चित्रकारच. अशा घरात कलेचे बंड करायचे तर ते कलेविरुद्धच करावे लागते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याचा खरा तंटा चित्रापेक्षा चित्राच्या नावावरून सुरू झाला. १९१२ मध्ये पॅरिसच्या स्वतंत्र चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी त्याने जिना उतरणाऱ्या नग्नाकृतीचे चित्र पाठविले. घनवादी मित्रांना विषय खटकला, शीर्षक त्याहून अधिक. ते बदलावे हा निरोप भावांनीच आणला. शीर्षक तर चित्रफलकावरच रंगविलेले होते. द्युशाँने वाद घातला नाही; चित्र टॅक्सीत घालून घरी नेले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या आर्मरी प्रदर्शनात त्याच चित्राने खळबळ उडविली आणि ते ३२४ डॉलरला विकले गेले.

त्यानंतर दुसऱ्या कोणाही चित्रकाराने त्याच वाटेवर दहा चित्रे रंगविली असती. द्युशाँने पॅरिसमधील सँत-झनव्हीएव्ह ग्रंथालयात नोकरी धरली. १९१३ मध्ये त्याने स्वयंपाकघरातील एका स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसविले. पुढच्या वर्षी एका मोठ्या दुकानातून ती बाटल्यांची घोडी आणली. १९१५ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि तेथे बर्फ ओढण्याचे फावडे विकत घेऊन त्याला एक नाव दिले, ज्याचा आशय मोडू घातलेल्या हाताची पूर्वसूचना असा होतो. याच सुमारास त्याला या वस्तूंसाठी ‘रेडीमेड’ हा शब्द सापडला. १९१६ च्या आरंभी त्याने सुझानला पत्र लिहून खोलीतील घोडीवर आपल्या वतीने अक्षरे व सही घालण्यास सांगितले. पत्र पोहोचण्यापूर्वीच तिने खोली आवरताना ती अडगळ म्हणून टाकून दिली होती. बहिणीला दोष देण्याचे कारण नाही. नाव मिळेपर्यंत ती वस्तू अडगळच होती.

भाषेच्या अभ्यासकाने थांबावे ते येथे. या वस्तूंचे अर्धे अंग लोखंडाचे वा लाकडाचे आहे, उरलेले अर्धे शब्दांचे. १९१७ मध्ये त्याने एक खुंटाळे जमिनीलाच ठोकले आणि त्याला जो फ्रेंच शब्द दिला, तो बुद्धिबळातील एका कोंडीचे नाव आहे व ठेच लागणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा ध्वनी जुळतो. १९२० मध्ये त्याने घेतलेले रोझ सेलावी हे स्त्रीनाम वेगळ्या ठिकाणी तोडून उच्चारले की प्रेमदेवता एरॉस हेच जीवन, असा अर्थ निघतो. आपल्या अलंकारशास्त्रात ज्याला सभंग श्लेष म्हणतात, तोच हा प्रकार. मोनालिसाच्या छापील चित्राला मिशा काढून खाली लिहिलेली पाच अक्षरे फ्रेंच पद्धतीने म्हटली की ग्राम्य वाक्य तयार होते. पदे तोडून त्यांतून यंत्रे आणि कथा उभ्या करणारा लेखक रेमाँ रूसेल याचा प्रभाव तो चित्रकारांच्या प्रभावापेक्षा मोठा मानीत असे. समीक्षकांनी त्याला बहुधा शिल्पकलेच्या इतिहासात बसविले, आणि ही बाजू दुय्यम राहिली.

१९१७ च्या एप्रिलमधील प्रकरण सर्वश्रुत आहे. न्यूयॉर्कच्या नव्या स्वतंत्र कलावंत संस्थेचा नियम होता की, सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचीही कृती नाकारली जाणार नाही. आर. मट अशी सही केलेले चिनी मातीचे मूत्रपात्र ‘फाउंटन’ या नावाने तेथे आले आणि नियम मोडून बाजूला ठेवले गेले. संचालकांत असलेल्या द्युशाँने राजीनामा दिला. मूळ पात्र हरवले. उरले ते आल्फ्रेड स्टीग्लिट्झने घेतलेले छायाचित्र. पुष्कळ नंतर उजेडात आलेल्या एका पत्रात द्युशाँने बहिणीला कळविले होते की, हे पात्र एका मैत्रिणीने पुरुषाच्या नावाने पाठविले. त्यावरून काही अभ्यासक याचे कर्तृत्व एल्सा फॉन फ्रायटाग-लोरिंगहोव्हन या कवयित्रीकडे देतात. तो दावा सिद्ध झालेला नाही. तथापि पत्र दृष्टीआड करून चालणार नाही.

सर्वांत हृद्य रेडीमेड मात्र प्रदर्शनासाठी नव्हतेच. १९१९ मध्ये सुझानच्या विवाहाची भेट म्हणून त्याने ब्यूनस आयर्सहून सूचना पाठविली : भूमितीचे पुस्तक सज्जात दोरीने टांगून ठेवावे, पाने उलटण्याचे काम वाऱ्याने करावे. वाऱ्यापावसात पुस्तक विरून गेले.

काचेवरील मोठी रचना १९२३ मध्ये अपुरी सोडून तो बुद्धिबळाकडे वळला. फ्रान्सच्या संघातून ऑलिंपियाडमध्ये खेळला. फ्रेंच शिकवण्या आणि मित्रांच्या शिल्पांची विक्री यांवर निर्वाह चाले. कला सोडली, ही त्याची ख्याती अर्धसत्यच होती. १९३५ पासून तो आपल्या कृतींच्या चिमुकल्या प्रतिकृती करून पेटीत बसवीत होता; युद्धकाळात त्यांचे साहित्य त्याने चीज-व्यापाऱ्याच्या परवान्यावर जर्मनव्याप्त भागातून पार नेले. पॅसाडेनाच्या कितीतरी आधी त्याचे एकल प्रदर्शन एका पेटीत भरले होते.

१९६४ मध्ये मिलानच्या एका दालनाने रेडीमेडच्या प्रत्येकी आठ सह्या केलेल्या आवृत्त्या काढल्या. जी वस्तू बाजारातून कशीही उचलता यावी, ती आता जुन्या छायाचित्रांवरून कारागिरांकडून घडवून घ्यावी लागली. काही तरुण चाहत्यांना ही तडजोड वाटली, आणि तो आक्षेप निराधार नाही. पैशाची निकड, विनोद आणि मूळ वस्तूविषयीची उदासीनता यांत तिन्हींचा वाटा असावा.

२ ऑक्टोबर १९६८ रोजी पॅरिसलगतच्या नयी येथे त्याचे निधन झाले. जग त्याला निवृत्त समजत होते. प्रत्यक्षात १९४६ पासून वीस वर्षे तो न्यूयॉर्कमध्ये गुप्तपणे एक शेवटची रचना करीत होता. १९६९ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात उभी राहिली. समोर स्पेनहून आणलेला जुना लाकडी दरवाजा आहे. तो उघडत नाही. त्याला डोळ्यांच्या उंचीवर दोन भोके आहेत, आणि आतील दृश्य एका वेळी एकालाच पाहता येते.