वारसा पेलताना : सर दोराबजी टाटा

जमशेदजी टाटांनी पाहिलेली स्वप्ने देशाला ठाऊक आहेत. त्या स्वप्नांची देणी ज्यांनी फेडली, ते त्यांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी मात्र पित्याच्या सावलीतच राहिले.

२७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत जन्मलेले दोराबजी केंब्रिजला शिकायला गेले. तिथे अभ्यासाइतकेच ते क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये रमले. परतल्यावर सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळवली आणि सुमारे दोन वर्षे ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रकारिता केली. १८८४ मध्ये ते पेढीत दाखल झाले, पण वडिलांनी त्यांना थेट मोठ्या खुर्चीवर बसवले नाही. पाँडिचेरीत कापडगिरणी काढणे परवडेल का, हे पाहण्याचे काम आधी सोपवले आणि नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये धाडले.

नागपूरशी त्यांचे नाते पुढेही कामी आले. चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाचा शोध निष्फळ ठरला, तेव्हा काम थांबवत असल्याचे सांगण्यासाठी ते मध्य प्रांताच्या आयुक्तांकडे गेले होते. वाट पाहण्याच्या वेळात ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथील भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण दिसली आणि सोडून दिलेला शोध पुन्हा सुरू झाला. अखेर कारखाना उभा राहिला तो साकचीला, मयूरभंजच्या खनिजावर. त्या साठ्याकडे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी लक्ष वेधले होते.

१९०४ मध्ये जमशेदजींचे निधन झाले. पोलाद, जलविद्युत आणि विज्ञान संस्था ही तिन्ही कामे तेव्हा अपुरीच होती. लंडनच्या सावकारी बाजाराने पोलादासाठी भांडवल नाकारले. १९०७ मध्ये भागविक्री भारतातच खुली झाली. स्वदेशीच्या त्या वातावरणात सुमारे ८,००० भारतीयांनी तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल उभे केले. फेब्रुवारी १९१२ मध्ये साकचीला पोलादाची पहिली लगड निघाली. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली.

या विजेला दुसरीही बाजू होती. १९२१ मध्ये मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, जमिनी बुडाल्या. दोराबजींचे चरित्र लिहिताना हे प्रकरण वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

खरी कसोटी १९२४ मध्ये लागली. महायुद्धानंतर विस्ताराचा खर्च वाढला होता, परदेशी पोलाद स्वस्तात येत होते आणि कच्च्या लोखंडाचा मोठा ग्राहक असलेला जपान भूकंपाने कोलमडला होता. जमशेदपूरमध्ये कामगारांच्या पगारालाही पैसा उरला नाही. दोराबजींनी सुमारे एक कोटी रुपयांची आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात पत्नी मेहेरबाई यांचे दागिने होते आणि कोहिनूरहून मोठा, २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. पेढीच्या कर्जापायी वारसाने स्वतःचे घर असे पणाला लावण्याची उदाहरणे तेव्हाही विरळाच होती. त्याच वर्षी पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाना तगला.

खेळाची आवड त्यांनी कधी सोडली नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे खेड्यातील तरुण पाहून त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय चमू पाठवण्यात पुढाकार घेतला आणि पदरचे पैसे घातले. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

जून १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दांपत्याला अपत्य नव्हते. पुढच्याच वर्षी दोराबजींनी रक्ताच्या विकारांवरील संशोधनासाठी पत्नीच्या नावे न्यास स्थापला आणि आपली उर्वरित सर्व संपत्ती दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था आणि टाटा स्मारक रुग्णालय पुढे याच न्यासाच्या पैशातून उभे राहिले. पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला इंग्लंडकडे निघालेले दोराबजी ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे निवर्तले. ब्रुकवूडच्या दफनभूमीत मेहेरबाईंच्या शेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.