अण्णांची झोळी

आपल्या मंडळाने बालवाडी आणि सभागृहाच्या इमारतीसाठी निधी जमवायचे ठरविले, आणि दोन गल्ल्यांचे पावतीपुस्तक माझ्या हाती आले. घरातली काटकसर मला ठाऊक होती. दुसऱ्याच्या दारात उभे राहून पैसे मागणे मात्र ठाऊक नव्हते. पहिल्याच संध्याकाळी दोन घरांनी उंबऱ्यावरूनच परत पाठविले. तिसऱ्या घरी, मंडळाच्या बायका या पैशांचे करतात तरी काय, असा प्रश्न ऐकावा लागला. घरी येऊन पुस्तक कपाटात टाकले. दुसऱ्या दिवशी ते परत करायचे असा निश्चयच केला होता.

त्या रात्री झोप येईना, म्हणून सासूबाईंच्या जुन्या पुस्तकांतून महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र काढून बसले. शाळेत त्यांच्यावरचा धडा पाठ केला होता. पण वर्गणी मागून रिकाम्या हाताने आलेल्या बाईला तेच चरित्र निराळे दिसते. भगिनींनो, मला जे दिसले तेच येथे सांगते.

अण्णांचा जन्म १८५८ साली कोकणात शेरवली येथे झाला; गाव मुरूड. घरची स्थिती बेताची. सतरा वर्षांचे असताना परीक्षेला बसण्यासाठी ते सोबत्यांबरोबर डोंगर-घाट तुडवीत पायी साताऱ्याला गेले. तेथे पोहोचल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो, एवढ्या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आले तसे परत! नकार कसा पचवावा याचा हा पहिला धडा असावा. पुढे ते मुंबईला शिकले, पदवीधर झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे ठरवून १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी विवाह केला. याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरूडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या भल्यासाठी त्यांनी फंड उभारला होता, त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले.

विधवांचे लग्न लावून देण्यापेक्षा त्यांना शिकवून पायांवर उभे करणे अधिक गरजेचे, असे त्यांना वाटू लागले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था निघाली. पहिले एक हजार रुपये त्यांनी आपल्याच शिलकीतून घातले. लोकांकडे गेले ते त्यानंतर. पुढे रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन व इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली प्लेगच्या दिवसांत आश्रम तेथे गेला, तो एका साध्या झोपडीत. कॉलेजचे तास संपवून अण्णा रोज पायी हिंगण्याला जात. पावसाळ्यात वाट चिखलाची असे, आणि पाठीवर आश्रमासाठी घेतलेले सामान! सुट्टी लागली की गावोगाव फिरून वर्गणी मागत. विधवाविवाहाचे नाव काढताच अनेकांच्या कपाळाला आठी पडे, म्हणून ते काम त्यांनी आश्रमापासून कटाक्षाने वेगळे ठेवले. ज्याला विधवेचे लग्न मान्य नाही, त्यालाही तिच्या शिक्षणासाठी पैसा देता यावा, हा त्यातला हेतू. सुधारकांपैकी काहींना हे रुचले नाही. तेही बोलणे त्यांनी सोसले.

पण आपण बायका आहोत, म्हणून या चरित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीदेखील आश्रमाला देऊन टाकली. घरी चार मुलगे, आणि उद्याची तरतूद ती काय? बायांना याचा राग आला, आणि तो खोटा नव्हता. त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले आणि स्वतः कष्ट करून संसार ओढला. अण्णांच्या झोळीला एक टाका बायांच्या हातचाही आहे, हे आपण विसरू नये. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले हीही लहान वयात विधवा झालेली. ती आश्रमात आली, शिकली, आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवू लागली. १९१८ साली, इंग्रजी फारसे येत नसताना, ती अमेरिकेला गेली. तेथे घरकामाची नोकरी करून राहिली, पण घेतलेले काम सोडले नाही.

आश्रमातून महिलाविद्यालय निघाले, १९१६ साली महिलांचे विद्यापीठ. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले. लोकांच्या लक्षात राहतो तो हा आकडा. पण त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे रुपया-दोन रुपयांनीच संस्था जगविली होती. त्या पायावरच पंधरा लाखांची इमारत उभी राहिली.

मोठी देणगी मिळाली म्हणून अण्णा थांबले नाहीत. सत्तरी उलटल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका येथे जाऊन त्यांनी विद्यापीठासाठी निधी मागितला. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षणाचे काम काढले. तुटपुंज्या पेन्शनीतून आपला वाटा आधी बाजूला ठेवला आणि मग पुण्यात दारोदार हिंडू लागले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. १९६२ साली ते गेले. हिंगण्याच्या त्या भागाला आज कर्वेनगर म्हणतात.

पुस्तक मिटले तेव्हा उजाडत आले होते. सकाळी मी कपाटातून पावतीपुस्तक काढले आणि पहिली पावती स्वतःच्याच नावाने फाडली. आदल्या दिवशी हेच तर चुकले होते! मग तिसऱ्या घरी पुन्हा गेले, ती जमाखर्चाची वही बरोबर घेऊनच. पैशांचे काय करता, हा प्रश्न अपमानाचा नव्हे. देणाऱ्याचा तो हक्कच आहे. त्या बाईंनी वही पाने उलटून पाहिली. वर्गणी दिली नाही, पण महिनाअखेरीस या म्हणाल्या. महिनाअखेरीस गेले, तेव्हा पाकीट तयार होते.

कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींकडे मागायला मला संकोच वाटत होता. त्यांनीच हाक मारून वीस रुपये दिले, पावती मागून घेतली, आणि नातीला बालवाडीत घ्याल ना, असे विचारले.

इमारतीचे जोते आता भरले आहे. भिंती उभ्या राहायच्या आहेत. माझ्या पुस्तकातल्या अकरा पावत्या अजून कोऱ्या आहेत. या वर्धापनदिनी ज्यांच्या दारी मी अद्याप आलेले नाही, त्यांच्याकडे येणार आहे. हिशेबाची वही बरोबर असेल. ती अवश्य पाहावी.