गिरणी कामगारांची कैफियत लिहिणारे कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या संघाच्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांचे पूर्वज कोकणातून वा घाटावरून निघून मुंबईच्या गिरण्यांत लागले. ते कोणत्या साली आले, कोणत्या खात्यात लागले, पहिला पगार किती मिळाला, असे घरात विचारले असता बहुधा उत्तर मिळत नाही. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी लिहून ठेवावे तरी काय? अशा परगावच्या मजुरांची गाऱ्हाणी ज्यांनी कागदावर उतरविली व सरकारदरबारी रुजू केली, त्या कै. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जीवनवृत्तांत सभासद बंधुभगिनींच्या सेवेस सादर करीत आहे.

लोखंडे यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर. त्यांचा जन्म मात्र १८४८ साली ठाणे येथे झाला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर त्यांनी प्रथम रेल्वेत व नंतर टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवी येथील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणीतील जुलूम त्यांच्या नित्य दृष्टीस पडू लागला तो येथेच.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. त्यानंतर पाव शतकात शहराचे रूप पालटले. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या सुमारे पावणेआठ लक्ष भरली. तीत मुंबईतच जन्मलेली माणसे शेकडा तीसही नव्हती. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक लाखाहून अधिक होते. गिरणीत दिवे नसल्यामुळे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. म्हणजे उन्हाळ्याचा मोठा दिवस कामगाराच्या वाट्यास अधिक कष्टाचा येई. रविवारची सुटी निश्चित नव्हती. पगार महिना उलटून गेल्यावरही हाती पडत नसे, आणि मधल्या काळात नोकरी सोडावी तर अडकलेला पैसा बुडे. गावाकडे डोळे लावून बसलेल्या कुटुंबाची त्यामुळे काय दशा होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे लोखंडे हे निष्ठावंत कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र बंद पडण्याच्या बेतास आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणून आपल्या अंगावर घेतले. पुढे गिरणीतील पगाराची नोकरीही त्यांनी सोडली. गरिबांचे वृत्तपत्र चालविणे हा तोट्याचा व्यवहार होता. परंतु गिरणीच्या फाटकाआड घडणाऱ्या गोष्टी छापून येण्यास कामगारांना ही एक हक्काची जागा झाली.

सरकारने १८८४ साली कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हीच संधी साधून त्या वर्षीच्या सप्टेंबरात लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगापुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्या मागण्या होत्या. त्यांत कोणाला काही अवाजवी दिसेल असे मला वाटत नाही. तथापि त्या मान्य होण्यास वर्षे लागली.

२४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या सभेस दहा हजारांवर कामगार जमले, व त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. घरच्या उंबऱ्याबाहेर स्त्रीने सभेत बोलणे दुर्मीळ असण्याचा तो काळ! त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे आलेल्या दुसऱ्या चौकशी आयोगात मुंबईपुरते स्थानिक सदस्य म्हणून लोखंडे यांनी काम केले. या आयोगाने कामगारांच्या, स्त्रियांच्याही, जबान्या घेतल्या व त्या छापल्या. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती यांस कायद्याचे बळ मिळाले, स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा पडली, आणि नऊ वर्षांखालील मुलास कामावर घेण्यास मनाई झाली.

त्यांनी स्थापिलेल्या ‘बाँबे मिल हँड्स असोसिएशन’संबंधी सरकारी अहवालात असा शेरा आहे की, तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही व नियमही नाहीत, लोखंडे केवळ मजुरांचे स्वयंसेवक सल्लागार आहेत. पुढील अनेक लेखकांनी हा शेरा उणेपणा म्हणून उगाळला. मला तो पटत नाही. जो कामगार पेरणीस गावी जाई, परतल्यावर दुसऱ्या गिरणीत दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली लागे, त्याचे नाव कोणत्या यादीत टिकणार? अशा माणसांकडून हजारोंनी सह्या व अंगठे मिळविणे, हीच त्या काळची सभासद-नोंदणी होती.

सरकारने लोखंडे यांस ‘रावबहादुर’ हा किताब दिला व जस्टिस ऑफ द पीस नेमले. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा सलोख्यासाठी ते झटले.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागात प्लेग प्रकटला. लक्षावधी लोक मुंबई सोडून आपापल्या गावी पळाले. गिरण्या ओस पडल्या. लोखंडे यांनी मुंबई सोडली नाही. रोग्यांसाठी त्यांनी रुग्णालय उभे केले, आणि सेवा करीत असता त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. वय पन्नाशीच्या आतच होते.

‘दीनबंधु’चे त्या काळचे अंक आज फारच थोडे पाहावयास मिळतात. परंतु देशी वृत्तपत्रांत काय छापून येते यावर नजर ठेवण्यासाठी सरकार दर आठवड्यास त्यांचा इंग्रजी गोषवारा करवून घेत असे, आणि त्या गोषवाऱ्यांत ‘दीनबंधु’तील मजकूरही आला आहे. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात हे कागद जपून ठेविले आहेत. पाळत ठेवणाऱ्याच्या दप्तरात मजुरांची गाऱ्हाणी अशी सुरक्षित राहिली, हा दैवाचा एक चमत्कारच! भारतीय टपाल खात्याने, ज्यात लोखंडे एके काळी नोकरीस होते, २००५ साली त्यांच्या नावाचे तिकीट काढले.