शल्यवैद्याचा कोश : जॉन बॉर्थविक गिलख्रिस्ट

रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात घटकाभर उभे राहिले, की एकाच व्यवहारात तीन भाषा कानी पडतात. खेड्यातून आलेली गिऱ्हाइके आपसांत छत्तीसगढी बोलतात, दुकानदाराशी घासाघीस हिंदीत करतात. आणि गिऱ्हाईक आमच्यासारखे मराठी असेल, तर भावाबद्दलची कुजबुज मराठीत होते. ही मधली हिंदी धड कोणाच्याच घरची नव्हे. तरी तिच्यावाचून कोणाचे चालत नाही. भाषेच्या अशाच व्यवहारी, छावणीतल्या रूपाने अठराव्या शतकाच्या अखेरीस एका तरुण शल्यवैद्याला असे झपाटले, की त्याने आपला वैद्यकीचा पेशाच सोडून दिला. जॉन बॉर्थविक गिलख्रिस्ट हे त्याचे नाव. हिंदी आणि उर्दू या दोन्ही वाङ्मयांच्या इतिहासांत त्याला स्थान आहे. मराठी वाचकाला मात्र तो फोर्ट विल्यम कॉलेजच्या अनुषंगानेच काय तो माहीत असतो. वस्तुतः त्याच्या आयुष्याला जे वळण लागले, ते मराठ्यांच्या इतिहासातील एका प्रकरणाच्या शेवटी.

गिलख्रिस्टचा जन्म १९ जून १७५९ रोजी एडिंबरो येथे झाला. शिक्षण त्याच शहरातील जॉर्ज हेरियट यांच्या धर्मादाय संस्थेत झाले. सोळाव्या वर्षी तो वेस्ट इंडीज बेटांकडे गेला व तेथे निळीच्या लागवडीची माहिती मिळवून परतला. पुढे आरमारी शल्यवैद्याचा साहाय्यक म्हणून १७८२ मध्ये तो मुंबईस उतरला आणि कंपनीच्या वैद्यकीय खात्यात शिरला. त्याच वर्षी सालबाईच्या तहाने पहिले इंग्रज-मराठे युद्ध संपले होते. मराठ्यांविरुद्ध लढण्यासाठी अवघा हिंदुस्थान ओलांडून पश्चिमेकडे आलेली बंगाल सैन्याची तुकडी आता माघारी निघाली. तिच्याबरोबर गिलख्रिस्ट सुरतेपासून फतेहगडपर्यंत गेला. मुलूख बदलला, स्थानिक बोली बदलल्या. पण शिपायांशी आणि वाटेवरच्या गावकऱ्यांशी बोलता येईल अशी एक भाषा सर्वत्र पुरत होती. इंग्रज अधिकारी तिला ‘मूर’ लोकांची बोली म्हणत आणि हुकूम सोडण्यापुरतीच शिकत. हॅडलेचे १७७२ चे व्याकरण उपलब्ध होते, परंतु गिलख्रिस्टच्या मते ते निरुपयोगी होते. हा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथाविषयी सहसा बरे बोलत नसे, हेही येथेच नमूद केलेले बरे.

१७८५ मध्ये त्याने अभ्यासासाठी एक वर्षाची रजा मागितली. त्या खात्यात तो पुन्हा कधीच रुजू झाला नाही. फैजाबादला त्याने दाढी वाढवली, देशी पोशाख चढवला आणि मुनशी बाळगले. त्याची कामाची रीत मोठी नमुनेदार होती. जॉन्सनचा इंग्रजी कोश पुढे घ्यावयाचा, एकेका शब्दाचा अर्थ मुनशींना समजावून द्यावयाचा आणि त्याला त्यांच्या भाषेत काय काय म्हणतात ते वदवून घ्यावयाचे. जी भाषा आपण आईच्या मांडीवर शिकलो तिला व्याकरण कशाला, हा मुनशींचा प्रश्न होता. तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. परक्याला लागते ती शिडी घरच्याला लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु या रीतीत एक दोष मुळातच होता. चौकट इंग्रजी शब्दांची. तिच्यात जे बसले ते कोशात आले, आणि ज्याला इंग्रजीत नावच नव्हते ते विचारलेच गेले नाही.

कोश वर्गणीदारांच्या आधारावर १७८७ ते १७९० या काळात कलकत्त्यास भागाभागाने निघाला. खर्च भागेना म्हणून गिलख्रिस्टने गाझीपूरला निळीचा व्यापार आरंभला. तोही पुढे बुडाला. १७९६ मध्ये व्याकरण प्रसिद्ध झाले. १८०० मध्ये वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज स्थापले तेव्हा हिंदुस्थानीचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली.

तेथील चार वर्षे हा त्याच्या चरित्राचा खरा गाभा होय. मीर अम्मन यांचे ‘बाग-ओ-बहार’, सदल मिश्र यांचे ‘नासिकेतोपाख्यान’, लल्लूलाल यांचा पुढे १८१० मध्ये पुरा छापला गेलेला ‘प्रेमसागर’ ही कामे त्याच्या प्रेरणेने सुरू झाली. हिंदुस्थानीच्या त्याने तीन शैली मानल्या : फारसीप्रचुर दरबारी, मधली, आणि खेडवळ हिंदवी. त्याने कौल दिला तो मधल्या शैलीला. मग हिंदी आणि उर्दू यांची फारकत त्यानेच केली, हा आरोप कितपत खरा? लिपींचा आणि काव्यपरंपरांचा भेद त्याच्या आधीचा होता, हे विसरता येत नाही. मात्र लल्लूलालांनी फारसी-अरबी शब्द कटाक्षाने टाळून लिहिले आणि मीर अम्मन यांनी दिल्लीच्या बोलीत लिहिले, तेव्हा एकाच विभागात दोन निराळी दालने उभी राहिली. मधल्या शैलीचा पुरस्कर्ता त्या विभागाचा प्रमुख असताना हे घडले. दोष त्याचा एकट्याचा नव्हे, पण तो त्यातून सुटतही नाही. खेडवळ म्हणून त्याने जे खाली बसवले, त्यात आमच्या छत्तीसगढीसारख्या बोलींनाही जागा नव्हती. छत्तीसगढीचे व्याकरण धमतरीच्या हिरालाल काव्योपाध्यायांनी रचले आणि ग्रिअर्सनने ते १८९० मध्ये इंग्रजीत आणले. रचणाऱ्याचे नाव तेथे तरी ठळकपणे टिकले.

मुनशींच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आले. त्यांना बक्षिसे मिळावीत म्हणून गिलख्रिस्टने कॉलेजच्या मंडळाकडे खटपट केली, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तरी ग्रंथ ओळखले गेले ते बहुधा त्याच्या नावाने. त्याच कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या केरीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये निघाला. त्यामागे वैजनाथ पंडितांचे श्रम होते. आपल्याकडेही त्यांची आठवण किती जण ठेवतात?

१८०४ मध्ये तो मायदेशी परतला. एडिंबरोत पेढी काढली, ती टिकली नाही. जहाल राजकीय मते आणि तापट स्वभाव यांमुळे वैरी मात्र पुष्कळ मिळाले. १८१८ पासून लंडनमध्ये तो कंपनीच्या नोकरीवर निघालेल्या तरुण शल्यवैद्यांना हिंदुस्थानी शिकवू लागला. वैद्यकी सोडलेल्या या माणसाच्या वर्गात वैद्यच बसत होते. ९ जानेवारी १८४१ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले.

बामन नावाच्या नव्हे, तर बालमेन नावाच्या एका शल्यवैद्याने सिडनीजवळची ५५० एकर जमीन १८०१ मध्ये त्याला नाममात्र किमतीत दिली होती. त्या जमिनीची किंमत पुढे अफाट वाढली आणि त्याच्या नावाच्या शिक्षणनिधीला तिचा मोठा आधार झाला. याच निधीची शिष्यवृत्ती मिळवून १८८२ मध्ये प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरोला, गिलख्रिस्टच्या गावी गेले.