आट्यांना शिस्त लावणारा माणूस

मेकॅनिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने व्हिटवर्थ हे नाव निदान एकदा तरी लिहिलेलं असतं. थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरात क्विक रिटर्न मेकॅनिझमची आकृती काढायची, टूल कापताना सावकाश जातं आणि परतताना झपकन येतं हे लिहायचं, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं! हा व्हिटवर्थ कोण, कुठला, याबद्दल पुस्तकात एक ओळही नसते. पण मित्रांनो, ज्याने कधी घरच्या गाडीचं बॉनेट उघडून एखादा जाम बोल्ट सोडवायचा प्रयत्न केलाय, त्याने या माणसाची गोष्ट जरूर वाचावी.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला झाला. वडील शाळामास्तर, पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई लहानपणीच गेली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये एका नातेवाइकाच्या सूतगिरणीत पाठवलं. पुढेमागे भागीदारी मिळेल, पोरगं मार्गी लागेल, हा घरच्यांचा हिशोब. पण या पोराला सुतापेक्षा सूत कातणारी यंत्रंच जास्त आवडायची. चार वर्षांत त्याने गिरणीतलं प्रत्येक यंत्र समजून घेतलं आणि चालत्या धंद्यावर पाणी सोडून तो मँचेस्टरला साधा कारागीर म्हणून राहिला. आपल्याकडे आजही एखाद्याने असं केलं तर घरात काय होईल ते सांगायला नको!

१८२५ साली त्याचं लग्न झालं आणि तो लंडनला हेन्री मॉडस्लीच्या कारखान्यात लागला. मॉडस्ली म्हणजे त्या काळचा यंत्रकामातला सगळ्यात मोठा गुरू. इथे व्हिटवर्थला सपाटपणाचं वेड लागलं. मेट्रॉलॉजी लॅबमधली सरफेस प्लेट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती सपाट आहे हे ठरवायचं कसं? दोन प्लेट एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या छान जुळतात. पण तीन प्लेट घेतल्या आणि प्रत्येक जोडी जुळली, तर तिन्ही सपाट असल्याशिवाय ते शक्यच नाही. व्हिटवर्थ प्लेटला रंग लावून उंचवटे शोधायचा आणि स्क्रेपरने हाताने खरवडायचा. १८४० साली त्याने ही पद्धत जाहीरपणे मांडली. किती साधी युक्ती! पण त्यामागे किती रात्री गेल्या असतील.

१८३३ साली तो मँचेस्टरला परतला, भाड्याच्या जागेत स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि त्यावर लंडनहून आलेला टूलमेकर अशी पाटी लावली. थोडी जाहिरातबाजी होती म्हणा, पण माल पाटीपेक्षा सरस निघाला.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे थ्रेडला मराठीत आटे म्हणतात हे मला मामांकडून कळलं. तेच वापरते.) कोणी इंचाला दहा आटे पाडायचा, कोणी अकरा. कोनाचाही मेळ नाही. एका गावाचं इंजिन दुसऱ्या गावी बिघडलं आणि बोल्ट हरवला, की नवा बोल्ट खास घडवूनच आणायचा. इंजिन खोलताना नट कोणत्या बोल्टचा ही खूण करून ठेवायची, नाहीतर पुन्हा बसणार नाही.

व्हिटवर्थने काय करावं? त्याने बऱ्याच मोठ्या वर्कशॉपमधून बोल्ट जमवले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. कोन आला ५५ अंश. प्रत्येक जाडीला इंचात किती आटे, तेही असंच मधलं माप धरून ठरवलं. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२. १८४१ साली त्याने हे सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे मांडलं. मला या माणसातलं सर्वात मोठं वाटतं ते हेच. स्वतःचा आटा सर्वांत चांगला असं म्हणून तो अडून बसला असता तर आणखी एक आटा वाढला असता, एवढंच. त्याऐवजी कोणालाच फार बदलावं लागू नये असं माप त्याने शोधलं, आणि रेल्वे कंपन्यांनी ते उचललं.

ब्रिटिश यंत्रांबरोबर हे आटे आपल्याकडेही आले. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली धावली ती ब्रिटिश इंजिनांवर. आपल्या सुताराच्या मापाला ते इंच अगदी सहज बसले, कारण इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची बोल्ट दोन सुताचा, अर्धा इंची चार सुताचा. आंबेगाव तालुक्यात घोड नदीकाठी माझं आजोळ आहे. तिथे मामा आजही बोल्ट सुतातच मागतात आणि पाना मात्र मिलिमीटरचा! सगळा घोटाळा इथेच आहे.

मामांकडे जुनी महिंद्रा जीप आहे. मूळ डिझाइन अमेरिकन विलीजचं, त्यामुळे बोल्ट इंचात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या पाण्याच्या पंपातून गळती सुरू झाली. कांदा मंचरला न्यायचा होता आणि पंप काही निघेना. आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये अर्ध्या इंची डोक्यावर १३ चा पाना चालवलेला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. फरक फक्त ०.३ चा, पण गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की तेवढ्यात कोपरे झिजून डोकं गोल होतं. मामांनी वायर ब्रशने गंज काढला, डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून रात्रभर सोडलं, सकाळी डोक्यावर हातोडीचे नेमके ठोके दिले. मग आधी जरासं आवळून नंतर सोडवायचं, म्हणजे गंजाची पकड तुटते. पानाही बारा कोपऱ्यांचा रिंग पाना नाही, सहा बाजूंचा सॉकेट, कारण तो कोपऱ्यांऐवजी सपाट बाजू धरतो. तरी एक हटेना. त्यावर मोठा नट ठेवून, बॅटरीची वायर काढून आणि पेट्रोलची लाइन दूर करून, आतून वेल्डिंग केलं. तापून बोल्ट फुगला, निवताना आकसला, गंज मोकळा झाला आणि नटाला पाना लावताच तो निघाला.

दुसरा बोल्ट मात्र गंजाचा नव्हताच. अडीच सुताच्या भोकात कोणीतरी आठ मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवला होता. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, डोळ्याला सारखाच. पण त्याचे आटे १.४१ मिलिमीटरवर आणि आठाच्या बोल्टचे १.२५ वर. दर फेऱ्याला ०.१६ चा फरक. चार फेऱ्यांत अर्धा आटा चुकतो आणि बोल्ट कायमचा रुततो. त्याला डिझेल काय करणार? मामांनी तो ड्रिल केला, तीन सुताचा टॅप मारून नवे आटे पाडले. कांदा एक दिवस उशिरा गेला. १८४१ सालापूर्वीचं इंग्लंड मी त्या एका जीपमध्ये पाहिलं असं म्हणायला हरकत नाही.

असो. व्हिटवर्थकडे वळू. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या यंत्रांनी भरपूर पदकं मिळवली. इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं मोजयंत्र त्याने तिथे ठेवलं होतं. क्रिमियन युद्धात आरमाराला गनबोटींची इंजिनं तातडीने हवी होती, तेव्हा वेगवेगळ्या कारखान्यांत भाग बनवून सुमारे तीन महिन्यांत नव्वद इंजिनं उभी राहिली. सगळ्यांचे आटे एकच असल्याशिवाय हे झालंच नसतं.

मग त्याने सरकारसाठी षटकोनी नळीची रायफल बनवली. नेम अप्रतिम. १८६० साली विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली ती याच रायफलीतून, आणि ती चारशे यार्डांवर जवळजवळ मध्यभागी लागली. पण नळी लहान, काजळी लवकर धरते, या कारणाने लष्कराने ती नाकारली. आट्यांच्या बाबतीत दुसऱ्यांचं ऐकून घेणारा हा माणूस इथे स्वतःच्याच मापावर अडून बसला, असं मला वाटतं.

आट्यांचाही विजय पूर्ण नव्हता. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो पाडायला सोपा होता. पुढे मेट्रिक आलं, तेही ६० अंशांचंच. भारताने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, पण लाखो बोल्ट आधीच देशभर लागलेले होते. ते कायद्याने थोडेच निघतात!

व्हिटवर्थने १८६८ साली तरुण इंजिनिअरांसाठी तीस शिष्यवृत्त्या सुरू केल्या, दर वर्षी शंभर पौंडांची एक. १८६९ साली त्याला बॅरोनेट केलं. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लोला त्याचं निधन झालं. मूल नव्हतं. मँचेस्टरची व्हिटवर्थ आर्ट गॅलरी त्याच्या संपत्तीतून उभी राहिली.

त्याचे बोल्ट आता जुन्या यंत्रांवरच दिसतात. पाइपांनी मात्र ५५ अंश सोडलेले नाहीत. शेतातल्या मोटारीपासून आपल्या हॉस्टेलच्या बाथरूमपर्यंत सगळीकडे तेच. अर्ध्या इंची नळाला इंचात १४ आटे असतात. पुढच्या वेळी नळ गळायला लागला आणि प्लंबर यायला चार दिवस लावू लागला, तर मोजून बघा.