अलेक्झांडर फ्लेमिंग

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन शहरातील रुग्णालये जखमी ब्रिटिश सैनिकांनी भरून गेली. लिस्टर यांच्या शिकवणीप्रमाणे शस्त्रवैद्य जखमा कार्बॉलिक आम्लासारख्या जहाल जंतुनाशकांनी धूत असत. तरीही जखमा सडत आणि कित्येक तरुण प्राणास मुकत. हे दृश्य पाहून एका डॉक्टरांना चैन पडेना. त्यांचे नाव अलेक्झांडर फ्लेमिंग.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असतानाच वडील वारले. पुढे लंडनला येऊन त्यांनी काही वर्षे कारकुनी केली व नंतर सेंट मेरी रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले. तेथेच अल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत ते संशोधन करू लागले. युद्ध सुरू होताच गुरुशिष्य दोघेही बुलोनला गेले.

बंदुकीच्या गोळीची जखम वेडीवाकडी असते. चिखल आणि कपड्यांच्या चिंध्या तिच्या खोल कपारींत रुतून बसतात. फ्लेमिंग यांनी काचेची नळी तापवून तिला अशाच पोकळ, अणकुचीदार कपारी काढल्या. तीत जंतुमिश्रित द्रव भरला, तो ओतून टाकला व नळी जंतुनाशकाने भरून ठेवली. नंतर जंतुनाशक काढून ताजा द्रव घालताच तीत पुन्हा जंतू वाढले! औषध कपारींच्या टोकांपर्यंत पोहोचलेच नव्हते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजून शरीराचे रक्षण करतात. जंतुनाशक जंतूंच्या आधी या रक्षकांनाच मारीत होते. म्हणून मृत मांस व घाण कापून काढावी आणि खोल जखम मिठाच्या पाण्याने धुवावी, असे गुरुशिष्यांनी सुचविले. पुष्कळ शस्त्रवैद्यांना ते पटले नाही. परंतु फ्लेमिंग यांनी आपला अभ्यास सोडला नाही.

१९२८ साली त्यांना एका बुरशीत जंतूंची वाढ थांबविणारा पदार्थ आढळला. तो पांढऱ्या पेशींना अपाय करीत नाही, याची त्यांनी जुन्याच कसोटीने खात्री करून घेतली. हेच पेनिसिलिन. फ्लोरी व चेन यांनी पुढे त्याचे औषध सिद्ध केले. १९४५ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे लंडन येथे निधन झाले. शत्रूला मारताना रक्षकाला इजा होऊ नये, हे रणभूमीवरील जखमांनी त्यांना शिकविले होते.