गढ्याची धनुर्धर राणी : दुर्गावती

नर्मदेच्या या काठी येऊन स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांच्या तोंडी काही नावे रोज येतात. कोणी राणीतालला राहतो, कोणाचे बिऱ्हाड चेरीतालला आहे, कोणाला अधारतालला जाणारे वाहन हवे असते. मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात त्यालाही १९८३ पासून राणी दुर्गावतीचेच नाव आहे. राणीताल राणीने बांधविला, चेरीताल तिच्या दासीने आणि अधारताल तिच्या मंत्र्याने, असे येथील परंपरा सांगते. जिजाऊ, अहिल्याबाई आणि झाशीची राणी यांची चरित्रे आपण मुलांना हौसेने सांगतो. परंतु ज्या राणीच्या भूमीवर आपण घरे बांधली तिचे नाव मात्र आपल्या घरात बहुधा पत्त्यापुरतेच उरते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ही उणीव थोडी तरी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुर्गावतीचा जन्म चंदेल राजपुतांच्या कुळातला. ५ ऑक्टोबर १५२४ ही तिची जन्मतिथी परंपरेने मानली जाते आणि जन्मस्थान म्हणून कालिंजरच्या किल्ल्याचे नाव घेतले जाते. खजुराहोची मंदिरे उभारणाऱ्या त्या घराण्याचे वैभव तोवर ओसरले होते. उलट विंध्य आणि सातपुड्याच्या अरण्यांत गोंडांचे गढा-मंडला राज्य भरभराटीस आले होते. संग्रामशहाने बावन्न गढ जोडून त्या राज्याचा विस्तार केला होता. त्याचा पुत्र दलपतशहा याच्याशी दुर्गावतीचा विवाह झाला. राजपूत कन्या गोंड राजघराण्यात सून म्हणून आली आणि अखेरपर्यंत त्या घराण्याचीच होऊन राहिली.

संसारसुख तिच्या वाट्याला फार काळ आले नाही. दलपतशहाचे अकाली निधन झाले तेव्हा पुत्र वीरनारायण अवघा पाच वर्षांचा होता. त्याच्या नावाने कारभार तिने हाती घेतला आणि अधार कायस्थ व मान ठाकूर या मंत्र्यांच्या साहाय्याने सुमारे पंधरा वर्षे राज्य सांभाळले. माळव्याचा बाजबहादूर चालून आला, त्याला तिने परतवून लावले. अकबराच्या दरबारचा इतिहासकार अबुल फजल हा शत्रुपक्षाचा. राणीला गर्व झाला होता असा ठपकाही तो ठेवतो. पण तिचे शौर्य, औदार्य आणि राज्यकारभारातील दक्षता त्याने मोकळेपणाने मान्य केली आहे. तिच्या ताब्यातील तेवीस हजार गावांपैकी बारा हजार गावांवर तिचे स्वतःचे अंमलदार होते, असेही तो नोंदवितो.

याच अबुल फजलने तिच्या शिकारीच्या व्यासंगाचा आवर्जून उल्लेख केला आहे. बाण आणि बंदूक दोन्ही चालविण्यात ती निष्णात होती. वाघ दिसल्याची वर्दी आली की त्याला टिपल्यावाचून पाणी प्यायचे नाही, असा तिचा नेम होता. वाघ गावाच्या शिवारात उतरला की गुरे आणि माणसे यांच्या जिवावर बेतत असे. त्या काळात प्रजेला अशा संकटातून सोडविणे हे राजाचे कर्तव्यच मानले जाई. राणीच्या या नेमाकडे केवळ राजविलास म्हणून पाहणे म्हणूनच योग्य होणार नाही.

ज्या प्रजेवर ती राज्य करीत होती तिच्या हाती धनुष्यबाण पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या डोंगराळ मुलखातील धनुष्याचे वर्णन केले आहे. धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. बाण बोरूचा आणि त्याला लोखंडाचे पाते. त्या पात्यांना लागणारे लोखंड डोंगरातील दगड लहान भट्टीत वितळवून अगरिया लोक काढीत. बोरू सरळ निवडायचा, वाकडा असल्यास विस्तवाच्या उबेवर धरून सरळ करायचा, मागे दोरीसाठी खाच आणि पक्ष्यांची पिसे, पुढे पात्याचे निमुळते मूळ बोरूच्या पोकळीत खुपसून वरून घट्ट बांधायचे, अशी बाण घडविण्याची सर्वसाधारण रीत आहे.

शिकारीचा बाण मुद्दाम जड ठेवतात, यातही एक शहाणपण आहे. हलका बाण वेगाने सुटतो आणि दूर जातो. परंतु वाटेतच त्याचा वेग झपाट्याने कमी होतो आणि हाडावर आपटला तर तो उडून पडतो. जड बाण सावकाश जातो, त्याचा पल्लाही कमी. पण ताणलेल्या धनुष्यातील शक्ती तो अधिक प्रमाणात उचलतो आणि लक्ष्याला भिडल्यावर खोलवर शिरतो. वजन पात्याकडे अधिक असले म्हणजे पुढचे टोक वाट धरते आणि मागची पिसे त्याला सरळ राखतात. मात्र असा बाण वापरणाऱ्याला जनावराच्या अगदी जवळ जावे लागते. त्यासाठी वाऱ्याची दिशा ओळखायची, पाऊल वाजू द्यायचे नाही, पाणवठ्याची आणि खिंडीची वाट ठाऊक करून घ्यायची आणि योग्य क्षणापर्यंत दम धरायचा. ज्याला हे साधते त्याला आपला मुलूख तळहातासारखा कळतो. दुर्गावतीची अखेरची लढाई पाहिली म्हणजे ही विद्या तिच्या अंगी किती मुरली होती ते ध्यानात येते.

१५६४ साली अकबराचा कडा-माणिकपूरचा सरदार आसफखान सुमारे दहा हजार स्वारांनिशी गढ्यावर चालून आला. राज्याची फौज चारी दिशांना पांगलेली होती. शत्रू दमोहपर्यंत पोहोचला त्या वेळी राणीजवळ पाचशेच माणसे उरली होती, असे अबुल फजल लिहितो. मंत्र्याने परिस्थितीची स्पष्ट कल्पना दिली. अपमानाने जगण्यापेक्षा मानाने मरण पत्करावे, असा राणीचा निर्धार होता. परंतु निर्धार म्हणजे उतावीळपणा नव्हे. उघड्या मैदानात लढण्याऐवजी तिने नर्रईची जागा निवडली. गौर आणि नर्मदा या नद्यांच्या दरम्यान, डोंगरांनी वेढलेली ती अडचणीची वाट होती. संख्येने मोठे असलेले सैन्य तेथे चिंचोळ्या तोंडातून आत यावे आणि मोजक्या माणसांनी त्याला गाठावे, हा हिशेब शिकाऱ्याचाच होता.

मोगलांनी खिंडीचे तोंड काबीज केले आणि त्या झटापटीत राणीचा फौजदार अर्जुनदास बैस पडला. तेव्हा राणी स्वतः चिलखत घालून हत्तीवर बसली. शत्रूला आत येऊ देऊन मग चारी बाजूंनी हल्ला करण्यात आला. मोगलांचे तीनशे लोक पडले आणि उरलेल्यांना माघार घ्यावी लागली. त्या रात्री राणीने आपल्या सरदारांपुढे एक मसलत मांडली. शत्रू खचलेला आहे, आजच रात्री त्याच्या छावणीवर छापा घालावा. उजाडले की आसफखान स्वतः येऊन खिंड रोखील आणि तोफा वर चढवील. सरदारांना ते रुचले नाही. अंधारात सावज कसे गाठायचे हे जिला ठाऊक होते तिचा शब्द त्या रात्री एकाकी पडला.

सकाळी नेमके तसेच झाले. तोफा खिंडीच्या तोंडाशी आल्या. येथील लोककथा असेही सांगते की पाठीमागची नदी, जी आदल्या दिवशी कोरडी होती, ती रात्रीत पुराने भरली आणि माघारीची वाट बंद झाली. २४ जून हा त्या दिवसाचा मानला जाणारा दिनांक. मृगाचा पाऊस ठाऊक असलेल्या कोणालाही ही कथा अशक्य वाटणार नाही.

राणी आपल्या सरमान नावाच्या हत्तीवर बसून रणात उतरली. तरुण वीरनारायणाने मोगलांना मागे रेटले, पण तो घायाळ झाला. त्याला सुरक्षित जागी हलविण्याची आज्ञा राणीने दिली. त्याच्याबरोबर अनेक जण निघून गेल्याने तिच्याजवळ तीनशेच माणसे राहिली. तेवढ्यात एक बाण येऊन तिच्या उजव्या कानशिलात रुतला. तिने तो हाताने उपसून फेकून दिला. परंतु हातात आला तो नुसता दांडा, पाते जखमेतच राहिले. दुसरा बाण मानेत शिरला. तोही तिने ओढून काढला आणि तिला मूर्च्छा आली. आयुष्यभर बाण हाताळलेल्या त्या स्त्रीला शुद्धीवर आल्यावर या जखमांचा अर्थ कोणी सांगण्याची गरज नव्हती. शत्रूच्या हाती जिवंत पडू नये म्हणून तिने हत्तीवर पुढे बसलेल्या विश्वासू सेवकाला आपला अंत करण्यास सांगितले. त्याचा हात उठेना. तो तिला रणातून दूर नेऊ इच्छीत होता. तेव्हा तिने स्वतःच कट्यार उपसून प्राणत्याग केला.

सुमारे दोन महिन्यांनी चौरागढ पडला. तेथे वीरनारायण लढता लढता मारला गेला आणि किल्ल्यातील स्त्रियांनी जोहार केला. अपार संपत्ती आणि हजारभर हत्ती आसफखानाच्या हाती लागले. त्याने बादशहाकडे धाडले ते त्यांतले दोनशेच.

गोंडांचे राज्य क्षीण होऊनही पुढे दोन शतके टिकले, आणि येथे आपण मराठी माणसांनी थोडे थांबून विचार केला पाहिजे. १७४२ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली, तीत राजा महाराजशहा मारला गेला. १७८१ साली सागरच्या मराठी अंमलदारांनी या घराण्याच्या अखेरच्या राजाला पदच्युत केले. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. म्हणजे ज्या राज्यासाठी दुर्गावतीने प्राण दिले ते संपविणारे हात मराठी होते. याच घराण्याचे वंशज शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरातच तोफेच्या तोंडी दिले. पराक्रमाचा वारसा अभिमानाने सांगताना ही बाजूही आपल्या मुलांच्या कानी पडावी. परमुलखात घर करणाऱ्याने त्या मुलखाचे दुःखही आपले मानावे लागते. तरच ते घर खरे.

आज शिकारीला मनाई आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते युग संपले आणि ते संपले हे योग्यच झाले. धनुष्य मात्र जबलपुरातून गेलेले नाही. राज्याची तिरंदाजी अकादमी येथेच आहे आणि याच शहराच्या मुस्कान किरार हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या महिला संघातून रौप्यपदक मिळविले.

बरेला गावाजवळ, नर्रईच्या परिसरात, राणीची समाधी आहे. एकोणिसाव्या शतकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की जवळच्या दोन गोल शिळा म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे आहेत आणि मध्यरात्री ते रानात घुमतात, अशी लोकांची श्रद्धा होती. वाटसरू आसपास सापडणाऱ्या स्फटिकांतला सर्वांत सुंदर खडा निवडून त्या समाधीवर ठेवीत. स्लीमननेही एक खडा ठेवला होता.

आपल्यापैकी अनेकांची उभी हयात जबलपुरात गेली. तरी किती जण तेथे गेले असतील? येत्या २४ जूनला मुलानातवंडांना बरोबर घेऊन जावे, ही कथा त्या जागी उभे राहून सांगावी आणि एक खडा आपल्याही हाताने तेथे ठेवावा.